अन्ननलिकेतल्या शिरा, रबर बँड आणि तो निळा उजेड

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. अडखळणं आणि चहाचे घोट काढून टाकलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

लोकलच्या दारात उभे असाल, हॉस्टेलच्या कॉटवर आडवे असाल, नाहीतर आईनं सांगितलेल्या मेथीच्या जुड्या निवडत असाल, सगळ्यांचं स्वागत.

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे करतेय. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा आहे. त्याच्या वडिलांना रक्ताची उलटी झाली. मध्यरात्री हॉस्पिटल, रक्ताच्या बाटल्या, मग तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना रबर बँड लावले. चार-पाच दिवसांनी वडील घरी आले. आता बरे आहेत, खातायत-पितायत, कामावर जायचं म्हणतायत. डॉक्टरांनी तीन आठवड्यांनी परत दुर्बिणीला बोलावलंय. आणि मधल्या काळात काकांनी फॅमिली ग्रुपवर एक रील टाकलंय. दुर्बिणीच्या टोकातून निळा-जांभळा झोत येतोय, समोरची जागा पांढरी पडतेय, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘लेझरने कायमचा इलाज’. मुलाचा प्रश्न असा: "ताई, हे एकदाच केलं तर पुन्हा रक्त येणार नाही ना? मग बँडची पुढची तारीख सोडली तर चालेल का? बाबा नाहीच म्हणतायत."

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, कारण काही जण पाच मिनिटांत उतरून जातील. नाही चालणार. तारीख सोडायची नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे, पण मजेशीर आहे, त्यात एक पंजाबचा माणूस आहे, दोन-तीन जर्मन गावं आहेत, आणि तो निळा झोत लेझर नाहीच ही गंमतही आहे.

आणि हो, नेहमीचं: मी डॉक्टर आहे, पण तुमची डॉक्टर नाही. इथे ऐकून कुणाचं औषध सुरू किंवा बंद करू नका.

तर, मुळात अन्ननलिकेत शिरा फुगतात कशा? दुखणं असतं लिव्हरमध्ये आणि रक्त येतं घशातून, हे लोकांना पटकन जुळत नाही.

आतडी, जठर, प्लीहा या सगळ्यांकडून येणारं रक्त सरळ हृदयाकडे जात नाही. ते आधी एका मोठ्या शिरेतून लिव्हरमध्ये जातं. या शिरेला पोर्टल शीर म्हणतात. लिव्हर त्या रक्तातला माल तपासतं, साठवतं, साफ करतं आणि मग पुढे सोडतं. आता सिरॉसिस झाला म्हणजे काय, तर लिव्हर आतून कडक झालं, व्रणांनी भरलं. रक्ताला आत शिरायला वाटच नीट मिळत नाही.

खंडाळ्याला एक्स्प्रेसवे बंद पडला की काय होतं आठवा. गाड्या थांबत नाहीत, त्या जुन्या हायवेला वळतात, तिथून लोणावळ्याच्या बाजारात, तिथून कुणाच्या तरी सोसायटीच्या गल्लीत. ती गल्ली स्कूटर आणि भाजीच्या हातगाडीसाठी असते, तिथे एकामागे एक ट्रेलर घुसतात. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या शिरा म्हणजे ही गल्ली. एरवी तिथून थोडंसं रक्त जातं. पोर्टल शिरेत दाब वाढला की तिथून भलतंच रक्त जायला लागतं, शिरा फुगतात, वेड्यावाकड्या होतात. अन्ननलिकेचं खालचं पाचेक सेंटीमीटर ही सगळ्यात वाईट जागा. तिथे या शिरा अगदी वरवर, पातळ अस्तराच्या खाली असतात. त्यामुळे फुटतात त्या बहुतेक तिथेच.

हा दाब मोजता येतो. लिव्हरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक निरोगी माणसात साधारण १ ते ५ मिलिमीटर असतो, बीपी मोजतो त्याच पाऱ्याच्या मापात. १० च्या वर गेला की शिरा तयार होण्याचा धोका. १२ च्या वर गेला की फुटण्याचा धोका. हा १२ चा आकडा लक्षात राहू द्या, पुढे लागेल.

इथे एक गोष्ट बाजूला काढून सांगते, कारण मला याचा राग येतो. रक्ताची उलटी म्हटली की शेजारीपाजारी लगेच ‘पीत असणार’ असं कुजबुजतात. दारू हे मोठं कारण आहेच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, आणि आता मधुमेह-वजनाबरोबर येणारं फॅटी लिव्हर, यांनीही सिरॉसिस होतो. आणि आपल्या देशात तर लहान मुलांमध्ये पोर्टल शीरच गुठळीने बंद झालेली सापडते. लिव्हर बऱ्यापैकी चांगलं, पण रस्ता आधीच बंद, आणि सात-आठ वर्षांच्या पोराला रक्ताची उलटी. तेव्हा कुणाच्या वडिलांना, मावशीला हे झालं तर आधी बाटली मोजू नका.

आता मुद्द्याचं. पहिलं रक्त थांबलं म्हणजे संकट टळलं असं घरच्यांना वाटतं. साहजिक आहे. माणूस मरता मरता वाचलेला असतो, दोन आठवड्यांनी घरी बसून वरण-भात खात असतो. पण आकडे बघा. एकदा रक्तस्राव झालेल्या रुग्णाला पुढे काहीच उपचार दिले नाहीत, तर एक-दोन वर्षांत पुन्हा रक्तस्राव होण्याचं प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास आहे. आणि प्रत्येक रक्तस्रावानंतरच्या सहा आठवड्यांत, आजचे चांगले उपचार मिळूनही, शंभरातले पंधरा-वीस जण दगावतात. म्हणजे पहिल्या वेळेला वाचलेला माणूस नाणेफेकीच्या रांगेत उभा असतो, आणि त्याला ते माहीत नसतं, कारण त्याचं काहीच दुखत नसतं. फुगलेली शीर दुखत नाही. ठणकत नाही. जळजळत नाही. फुटेपर्यंत तिचा पत्ता लागत नाही.

म्हणून खरी लढाई असते ती दुसरा रक्तस्राव टाळण्याची.

जुन्या काळी काय करायचे? १९३९ साली स्वीडनमध्ये क्रॅफोर्ड आणि फ्रेंकनर या दोन डॉक्टरांनी कडक, सरळ नळीची दुर्बीण घालून शिरेत औषधाचं इंजेक्शन दिलं, शीर सुकावी म्हणून. ही पद्धत सत्तर-ऐंशीच्या दशकात जोरात चालली. रक्त थांबायचं, पण इंजेक्शनने अन्ननलिकेला जखमा व्हायच्या, ती आवळली जायची. मग ऐंशीच्या दशकात अमेरिकेत कोलोराडोमध्ये ग्रेग स्टीगमन यांनी एक भलतीच साधी युक्ती आणली. मूळव्याधीच्या कोंबाला रबराची रिंग लावतात ना, तेच अन्ननलिकेत करायचं. दुर्बिणीच्या टोकाला एक पारदर्शक टोपी, तिच्यावर ताणून बसवलेले छोटे रबर बँड. शीर हवेच्या ओढीनं टोपीत खेचायची आणि बँड सोडायचा. शिरेचा गळा आवळला जातो, ती सुकते, काही दिवसांत गळून पडते आणि पोटातून निघून जाते. तिच्या जागी छोटी जखम राहते, ती भरून येते.

त्या जखमेमुळेच बँड लावल्यानंतरचा पहिला पंधरवडा नाजूक असतो. बँड गळताना कधीकधी तिथून रक्त येतं. घरच्यांना वाटतं बँड ‘फेल’ गेला. तसं नसतं, पण धावत हॉस्पिटलला जायचं ते जायचंच.

एका वेळेला सगळ्या शिरा संपत नाहीत. दोन ते चार आठवड्यांनी परत, मग परत, अशा फेऱ्या लागतात. कुणाला दोन, कुणाला पाच. शिरा पूर्ण सपाट झाल्या की मग तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, आणि त्यानंतर वर्षातून एक-दोनदा. या तारखांसाठीच तुमच्या वडिलांना बोलावलंय.

दुसरा हिस्सा गोळीचा. १९८१ मध्ये पॅरिसच्या दिदिए लब्रेक यांच्या गटाने दाखवलं की प्रोप्रॅनोलॉल, म्हणजे बीपी-धडधडीसाठी वापरतात ती जुनी स्वस्त गोळी, सिरॉसिसच्या रुग्णांमध्ये पुन्हा होणारा रक्तस्राव कमी करते. ती हृदयाचा वेग कमी करते आणि आतड्यांकडे जाणारा रक्ताचा ओघ आटवते. म्हणजे गल्लीत घुसणारे ट्रेलरच कमी. आता बऱ्याच ठिकाणी कार्वेडिलॉल देतात, काम तेच. एकदा रक्तस्राव झालेल्यासाठी आज जगभरात बँड आणि ही गोळी, दोन्ही मिळून, हाच पहिला उपचार आहे. गोळी मनाने बंद करायची नाही. दम्याच्या माणसाला ती चालत नाही, बीपी फार कमी असेल किंवा पोटात पाणी जास्त झालं असेल तर डॉक्टर कमी-जास्त करतात. पण ‘आता बरं वाटतंय’ हे बंद करायचं कारण नाही.

ठीक. मग उजेड कुठे आला यात?

बँडमध्ये एक कमतरता आहे. बँड लावून शिरा गेल्या, दुर्बिणीत अन्ननलिका छान गुळगुळीत दिसली, सगळे खूश. पण दाब तसाच आहे. लिव्हर तसंच कडक आहे. बँड फक्त वरचा फुगा पकडतो. खोल भिंतीतल्या आणि अन्ननलिकेच्या बाहेरच्या ज्या बारीक शिरा त्याला रक्त पुरवत होत्या, त्या जिवंत असतात. काही महिन्यांत त्या पुन्हा वर डोकं काढतात. पावसाळ्यात गळणाऱ्या स्लॅबसारखं. एक भेग बुजवली की वर्षभराने पाणी शेजारच्या भेगेतून येतं. या परत येणाऱ्या शिरांसाठी उजेडाचा, म्हणजे झोताचा, उपयोग करायची कल्पना आली.

त्याआधी थोडं मागे जाऊ या, कारण ही गोष्ट मला फार आवडते. दुर्बिणीतून बघायचं तर उजेड आत न्यायला हवा आणि चित्र बाहेर आणायला हवं, तेही वळणावळणाच्या नळीतून. १९५४ मध्ये नरिंदरसिंग कपानी, मूळचे पंजाबातल्या मोग्याचे, लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काम करत होते. त्यांनी दाखवलं की काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंची जुडी केली तर ती वाकवली तरी एका टोकाचं चित्र दुसऱ्या टोकाला जातं. तो निबंध वाचून बेसिल हिर्शोविट्झ नावाचे पोटाचे डॉक्टर कामाला लागले, आणि १९५७ मध्ये अमेरिकेत, मिशिगनमध्ये, पहिली वाकणारी दुर्बीण तयार झाली. ती त्यांनी आधी स्वतःच्याच घशात घातली होती. आज तुमच्या घरी इंटरनेट ज्या फायबरमधून येतं, त्याच घराण्यातली ही काच.

मग १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर पेटवला. आणि डॉक्टरांच्या डोक्यात जे यायचं तेच आलं: काचेच्या तंतूतून उजेड आत जातो, तर मग लेझरही जाईल की! सत्तरच्या दशकात जर्मनीत, एर्लांगेन आणि म्युनिकमध्ये, दुर्बिणीतून लेझर मारून पोटातला रक्तस्राव थांबवायला सुरुवात झाली. त्यातला निओडिमियम-याग नावाचा लेझर जास्त जोरकस. गंमत अशी की त्याचा उजेड डोळ्यांना दिसतच नाही, तो इन्फ्रारेड असतो. म्हणून नेम धरायला सोबत एक लाल झोत सोडायचे.

अन्ननलिकेच्या शिरांवरही तो वापरून बघितला. वाहणारं रक्त थांबायचं. पण बऱ्याच जणांमध्ये ते पुन्हा सुरू व्हायचं. का ते आता तुम्हीच सांगू शकाल. झोताने वरचं भोक भाजून बंद केलं, पण खाली शीर फुगलेलीच, दाब १२ च्या वरच. प्रेशर असलेल्या पाइपला बाहेरून एम-सील लावल्यासारखं. त्यात हा लेझर काही मिलिमीटर खोल जातो आणि अन्ननलिकेची भिंतच मुळात काही मिलिमीटरची. जास्त भाजलं तर आरपार. यंत्र अवजड, महाग, सगळ्यांना गॉगल घालावे लागायचे. रबर बँड आले आणि शिरांसाठीचा लेझर मागे पडला. तेव्हा ‘लेझरने शिरा जाळतात’ हे ज्यांना फार नवीन वाटतंय, त्यांना सांगा की हा करून बाजूला ठेवलेला प्रयोग आहे.

मग रीलमधला निळा झोत कसला?

तो बहुतेक करून आर्गॉन प्लाझ्मा. १९९१ च्या सुमारास जर्मनीतल्याच ट्युबिंगेन गावात कार्ल अर्न्स्ट ग्रुंड यांनी तो वाकणाऱ्या दुर्बिणीतून वापरायला आणला. आर्गॉन हा वायू, कशाशी न जळणारा, वेल्डिंगच्या दुकानात सिलिंडर असतो तोच. बारीक नळीतून तो सोडतात आणि नळीच्या टोकाशी जोरदार दाबाची वीज देतात. वायूतून वीज वाहायला लागते, वायू चमकतो, निळसर झोत दिसतो. भाजण्याचं काम वीज करते. उजेड हा त्या कामाचा डोळ्यांना दिसणारा भाग. ट्यूबलाइट पेटते तसंच काहीसं, फक्त काचेची नळी नाही. म्हणजे उजेडाचा उपचार म्हणून आपण जे बघतो ते शुद्ध विजेचं काम आहे. पण रिपोर्टवर ‘एपीसी’ लिहिलेलं असतं आणि घरी सगळे लेझरच म्हणतात. म्हणू द्या.

यात एक फार सुंदर गोष्ट आहे. झोत जागेला टेकत नाही, काही मिलिमीटर अंतरावरून लागतो, त्यामुळे नळी चिकटून खपली ओढली जात नाही. आणि एखादी जागा भाजून कोरडी झाली की तिथून वीज जायला त्रास होतो, मग झोत आपोआप शेजारच्या ओल्या जागेकडे वळतो. त्यामुळे तो एकाच ठिकाणी खोल खोल जात नाही, साधारण दोन-तीन मिलिमीटरवर थांबतो. अर्थात डॉक्टरने एकाच जागी धरून ठेवला तर तोही खोल जाऊ शकतो, म्हणून हात सरावाचा लागतो.

आता नीट ऐका, कारण रीलमध्ये हेच सांगत नाहीत. हा झोत मोठ्या, फुगलेल्या शिरेवर मारायचा नसतो. दोन-तीन मिलिमीटरचं भाजणं त्या जाड शिरेला काय पुरणार? उलट फुटेल. आधी बँड लावून शिरा सपाट करायच्या. त्या गेल्या की मग अन्ननलिकेच्या खालच्या चार-पाच सेंटीमीटरचं आतलं अस्तर गोल फिरून हलकं भाजून काढायचं. तिथे वरवरची जखम होते, ती भरताना खाली घट्ट व्रणाचा थर बनतो. म्हणजे गल्लीचा रस्ताच काँक्रीटने बंद. नव्या शिरांना वर यायला मऊ जागा उरत नाही. झोताचं काम शेवटचं आहे, बँडच्या फेऱ्या पूर्ण झाल्यावरचं. म्हणूनच ‘लेझर करू, मग बँडची तारीख नको’ हा हिशोब उलटा आहे.

याचा उपयोग होतो का? जपानमध्ये २००१ साली ६० रुग्णांवरचा एक अभ्यास आला. निम्म्यांना नुसते बँड, निम्म्यांना बँड आणि वरून हा झोत. दोन वर्षांनी झोतवाल्या गटात जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांच्या शिरा परत आलेल्या नव्हत्या, नुसत्या बँडच्या गटात हेच प्रमाण निम्म्याच्या आसपास. पुढच्याच वर्षी इटलीतून ३० रुग्णांचा अभ्यास आला. झोतवाल्या १६ जणांत कुणाच्याच शिरा परत आल्या नाहीत, दुसऱ्या गटातल्या १४ पैकी ६ जणांच्या आल्या.

ऐकायला भारी वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण दोन गोष्टी बघा. एक, ६० आणि ३०. एवढ्याशा माणसांवरून जगाचा नियम बनत नाही. दोन, इथे मोजलंय काय, तर शिरा परत येणं. शिरा परत येणं, त्या फुटणं आणि त्यातून माणूस जाणं, या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. परत आलेली बारीक शीर वेळच्या वेळी दुर्बिणीत सापडली तर तिला पुन्हा एक बँड लावून विषय संपतो. या झोतामुळे मृत्यू कमी होतात असं ठामपणे दिसलेलं नाही. त्यामुळे जगभरातले तज्ज्ञ इटलीतल्या बावेनो गावाच्या नावाने ज्या शिफारशी काढतात, त्यात एकदा रक्तस्राव झालेल्यांसाठी बँड आणि गोळी आहे. झोत सरसकट करा असं नाही.

माझं मत विचाराल तर, ज्याच्या शिरा बँड लावूनही सारख्या परत येतायत आणि ज्याच्या डॉक्टरांचा यात हात बसलेला आहे, त्याने हा पर्याय विचारायला काही हरकत नाही. पण ज्याची बँडची दुसरीच फेरी व्हायचीय त्याने जास्तीचे पैसे मोजून याच्या मागे धावू नये.

त्रास? छातीच्या मध्यभागी काही दिवस दुखतं, गिळताना टोचतं, कुणाला ताप येतो. कधीतरी व्रणामुळे अन्ननलिका आवळते आणि घास अडकायला लागतो. वायू सोडत असल्यामुळे पोट फुगतं. वीज शरीरातून जाते म्हणून मांडीला एक चिकट पॅच लावतात, अंगठ्या-बांगड्या काढायला लावतात. पेसमेकर असेल तर आधीच सांगायचं, हे विसरू नका. नर्सनं विचारायची वाट बघू नका.

हाच झोत दुसऱ्या एका ठिकाणी मात्र खरोखर हुकमी आहे. जठराच्या खालच्या टोकाला बारीक रक्तवाहिन्यांचे लाल पट्टे येतात, कलिंगडावरच्या पट्ट्यांसारखे. त्यातून थोडं थोडं रक्त झिरपत राहतं, हिमोग्लोबिन सहा-सातवर येतं आणि कळत नाही का. तिथे वरवर भाजणं पुरतं आणि उपयोग होतो. त्यामुळे सिरॉसिसच्या रुग्णाच्या फाइलमध्ये एपीसी दिसलं तर ते कुठे केलंय ते वाचा. अन्ननलिकेत की जठरात. दोन्हीचा अर्थ वेगळा.

आता १२ चा आकडा. बँड, झोत, दोन्ही गल्लीची कामं. एक्स्प्रेसवे मोकळा करायचा तर मूळ कारणाकडे जावं लागतं. दारू पूर्ण थांबली तर दाब काही जणांत खरंच उतरतो. ‘फक्त बिअर’ यात बसत नाही, सॉरी. हिपॅटायटिस सी तर आता बहुतेकांमध्ये साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. २०१८ पासून केंद्राच्या हिपॅटायटिस कार्यक्रमात बी आणि सीची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात, आणि अजूनही लोक ती खाजगीत विकत घेताना दिसतात. जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारा. सगळं करूनही रक्त येतच राहिलं तर लिव्हरच्या आतून जाळीची नळी बसवून रक्ताला नवा रस्ता करून देतात, आणि त्यापुढे लिव्हर ट्रान्सप्लांट. तो वेगळा भाग होईल, इथे घाईत उरकत नाही.

दुर्बिणीला बाबांबरोबर गेलात की डॉक्टरांना विचारा: अजून किती शिरा उरल्यात, मोठ्या की बारीक? सगळ्या गेल्यावर पुढची दुर्बीण कधी? नाडी किती हवीय? गोळीवर असलेल्याची नाडी बहुतेक वेळा मिनिटाला ५५ ते ६० च्या आसपास आणायची असते, घरी मनगटावर बोट ठेवून मोजता येते, घड्याळाचा पट्टा असेल तर तोही चालेल. दुर्बिणीच्या रिपोर्टचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा, रक्तगटासकट. रात्री दोनला नवीन हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत तो कागद नसला की पहिली पंधरा मिनिटं वाया जातात. आणि पुढची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये स्वतःच्या नावावर टाका. बाबांच्या नाही. बाबा अलार्म बंद करून झोपतील.

गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन असली दुखण्याची गोळी द्यायची नाही. काय चालेल ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

रक्ताची उलटी सगळ्यांना कळते. शी मात्र बघत नाही कुणी. डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शी म्हणजे वरून आलेलं पचलेलं रक्त. आपल्याकडे वडील माणसं याबद्दल पोरांशी बोलत नाहीत, लाजतात. तुम्ही विचारा. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, त्यामुळे लगेच घाबरू नका, पण त्याबरोबर चक्कर, घाम, धाप असेल तर सकाळची वाट बघायची नाही. महाराष्ट्रात १०८ लावा. माणसाला डाव्या कुशीवर झोपवा, तोंडात पाणी-सरबत काही घालू नका, आणि ज्या हॉस्पिटलात रात्री दुर्बीण होते तिथेच न्या. ते कुठलं हे आजच विचारून ठेवा.

जाता जाता, त्या मुलाने मेसेजच्या शेवटी अजून एक विचारलं होतं, आई विचारतेय म्हणून: तिखट खाल्ल्यामुळे झालं का, आता मिरची बंद करायची का? काकू, तिखटामुळे नाही झालं. तुमच्या हातच्या ठेच्याचा यात काही दोष नाही. बँड लावल्यावर पहिले काही दिवस मऊ आणि गार द्या, गुरगुट्या भात, खिचडी, दही-भात. कडक भाकरी, पापड, शेंगदाणे थोडे दिवस नकोत. मग हळूहळू नेहमीचं. मीठ मात्र बेतानं, पोटात पाणी होत असेल तर अगदीच कमी. लोणचं आणि पापड तिथे मिरचीपेक्षा जास्त नडतात.

चला. लिव्हर ट्रान्सप्लांटबद्दलचे प्रश्न व्हॉइस मेसेजने पाठवा, एक मिनिटाच्या आत मावतील असे. भेटू पुढच्या भागात.